वडिलांना पक्षाघातानंतर गंभीर वाचाघात झाला आहे, एक शब्द नीट येत नाही. चित्रांचं अ‍ॅप घ्यावं की तक्ता?

तक्ता. तोही विकतचा नको, तुमच्याच घरातल्या फोटोंच्या सुट्या कार्डांचा.

चार वर्षांपूर्वी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि तोंडात एकच शब्द उरला, ‘बरं’. चहा हवाय, नकोय, पाय दुखतोय, सगळ्याला ‘बरं’. मी चित्रांचं नाव काढलं की दादा भडकायचा. “बाबा काय बालवाडीत आहेत? चित्रं दिलीस तर बोलायचा प्रयत्नच सोडतील.” त्याच्या धाकापायी दोन महिने गेले.

त्या दोन महिन्यांत बाबा रोज डाव्या हाताने भिंतीकडे दाखवायचे. आम्ही खिडकी उघडायचो, पंखा लावायचो, मोबाईलमध्ये बघून वेळ सांगायचो. ते हात आपटायचे, रडायचे. शेवटी दादाला न विचारता मी घरातल्या वस्तूंचे फोटो काढले आणि अप्पा बळवंत चौकातून पोस्टकार्डाएवढे लॅमिनेट करून आणले. घड्याळाचं कार्ड समोर येताच बाबांनी त्यावर बोट टेकवलं आणि अंगठा-तर्जनी गोल फिरवली. चावी! आजोबांचं चावीचं घड्याळ. दर शनिवारी बाबाच चावी द्यायचे. ते कधीच बंद पडलं होतं आणि आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

चित्रं म्हणजे पोरखेळ नव्हे. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर आणि सहकाऱ्यांनी १९७६ सालीच वाचा जवळजवळ गेलेल्या मोठ्या माणसांना कार्डांवरच्या खुणांची भाषा शिकवली होती, आणि त्यातल्या काहींना प्रश्नांची उत्तरंही देता आली. आमच्याकडे तर कार्डं सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, कार्ड हातात धरून, बाबा ‘चा’ म्हणाले. दादा तेव्हा समोरच बसला होता.

कार्डं एकाखाली एक धरा, आडवी मांडू नका. अशा झटक्यात पुष्कळदा उजवीकडचं दिसत नाही. एका वेळी दोन-तीनच. दाखवताना शब्द तोंडाने म्हणा. वस्तूंची कार्डं लवकर जमतात. ‘दे’, ‘उघड’ यांना वेळ लागतो, तिथे हातवारे चालू द्या.

अ‍ॅपचं म्हणाल तर आयआयटी मुंबईचं जेलो मोफत आहे, मराठीतही आहे. पण ते मुळात मुलांसाठी केलेलं. बाबांनी दोनदा बघून बाजूला सारलं.

हे सगळं आमच्या बाबांचं झालं. तुमच्या वडिलांना फोटोही ओळखता येत नसेल तर आधी खरा कप, खरी चप्पल समोर ठेवा, आणि स्पीच थेरपिस्टकडून एकदा तपासून घ्याच. आमच्याकडे तेही दादामुळे उशिराच झालं.