गणपतीत मंडळाच्या स्टेजवर दोरीची विनोदी जादू करायची आहे, लोकांना हसवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात येत्या गणपतीत 15 मिनिटं दोरीचे खेळ करायचे आहेत. दोन-तीन खेळ हातात बसलेत, लोक टाळ्याही वाजवतात, पण हसत कुणी नाही. मी बेळगावात वडगावला शिवणकामाचं दुकान चालवतो आणि गेली 16 वर्षं गणपती, यात्रा, बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन असं जिथं बोलावतील तिथं दोरीचे खेळ करतो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

बहुतेक जण आधी खेळ बसवतात आणि मग त्यावर विनोद पेरतात. असे विनोद वरवरचे राहतात. तुम्ही उलटं करून बघा. प्रत्येक खेळात एखादा क्षण असा असतो की त्या वेळी लोकांनी तुमच्या हाताकडे बघायला नको असतं. माणूस हसला की त्याची नजर दोरीवरून उठते, शेजाऱ्याकडे जाते, दोन सेकंद तरी परत येत नाही. हाताला तेवढेच दोन सेकंद लागतात. म्हणून आधी हाताची अडचण कुठे आहे ते शोधा आणि विनोद बरोबर तिथे ठेवा. मग तो विनोद खेळाचाच होतो, उपरा वाटत नाही.

कापलेली दोरी अखंड करण्याचा खेळ घ्या. (गुपित इथे लिहीत नाही, तुमच्या गावची पोरंही हे वाचतील.) मी दहा-बारा वर्षांच्या मुलाला वर बोलावतो, नाव विचारतो, कात्री मुठीकडून त्याच्या हातात देतो. तो दोरीला कात्री लावतो, त्याच क्षणी मी माइकवर म्हणतो, "जपून रे, मगाशी तुमच्याच परड्यातनं सोडून आणलीय, कपडे वाळत घालायची." मुलगा थबकतो आणि गर्दीत आईला शोधायला लागतो. दर वेळी असंच होतं. तो जिकडे बघतो तिकडे अख्खं मंडप वळतं, बायका हसायला लागतात, आईने तोंडाला पदर लावलेला असतो. तोवर माझा डावा अंगठा अर्धा इंच सरकून जागेवर आलेला असतो. हे वाक्य मला एका दिवसात सुचलं नाही. आधी तिथे दुसरं काहीतरी होतं, लोक हसायचे पण माझ्या हाताकडे बघत हसायचे. ते टाकून दिलं.

हा खेळ खूप जुना आहे. 1584 साली इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉटचं पुस्तक छापलं गेलं, त्यात नाडी मधोमध कापून परत सलग करण्याची रीत दिली आहे. म्हणजे चारशेहून जास्त वर्षं लोक हेच करताहेत. तुमच्या गावाने तो टीव्हीवर, मोबाइलवर पाहिलेलाच असणार. त्यात तुमचं म्हणून जे काही असेल ते तुमचं बोलणं.

तीन लहान-मोठ्या दोऱ्या एकसारख्या होतात तो खेळ तुम्हाला येतो असं दिसतंय. बॉब कार्व्हर नावाच्या जादूगाराचा म्हणून तो जगभर ओळखला जातो. इंग्रजीतलं बोलणं त्याला लावू नका. मी त्याची भावांची वाटणी केली आहे. लांब दोरी थोरल्याची, मधली मधल्याची, वीतभर उरली ती धाकट्याची. धाकटा रडतो, मोजणीला माणूस बोलावतात. तो येतो, टोकं जुळवतो, ओढतो आणि तिन्ही दोऱ्या सारख्या. एकेक मोजून दाखवायची, लोक टाळ्या वाजवतात. मग मोजणीवाला चहा पिऊन एसटीत बसतो आणि इकडे दोऱ्या परत होत्या तशा. आपल्याकडे घरटी एक वाटणीचं प्रकरण असतं, त्यामुळे हे सांगावं लागत नाही. शेवटी वीतभर दोरी वर धरून मी फक्त गप्प उभा राहतो. तीन सेकंद. हसू तिथेच येतं. गप्प राहणं हाताच्या सरावापेक्षा अवघड आहे, त्याचाही सराव करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कन्नडात दोरीला 'हग्ग' म्हणतात. आपल्या पोरांना तो शब्द ऐकून काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. सुरुवातीची दोन वर्षं मी त्यावर हमखास हशा घ्यायचो. चिकोडीकडच्या एका यात्रेत खेळ संपल्यावर खांद्यावर टॉवेल टाकलेले एक म्हातारे गृहस्थ बाजूला आले आणि मराठीतच म्हणाले, "खेळ चांगला केलास बाळ. पण आमच्या बोलण्याला हसवलंस, आम्ही कुठं हसलो?" मला त्या रात्री झोप आली नाही. समोर निम्मी माणसं कन्नड घरांतली होती आणि मी पहिल्या पाच मिनिटांत त्यांना बाहेर काढलं होतं. आपल्या भागात भाषेवरून मनं किती लवकर दुखावतात ते तुम्हीही बघत आला असाल. तो विनोद मी कायमचा टाकला. आता गाठ गायब करताना पोरांकडून एकदा 'एक, दोन, तीन' म्हणवून घेतो, गाठ जात नाही. मग 'ओंदु, एरडु, मूरु' म्हणवतो, गाठ जाते. पुढच्या गाठीला उलट करतो. कात्री मागताना तर काही करावंच लागत नाही, त्यांची 'कत्तरी' आणि आपली कात्री एकाच हाकेला येतात. वर आलेल्या मुलालाही तसंच जपा. त्याची फजिती करून हसू मिळतं, पण पुढच्या खेळाला कुणी वर येत नाही.

दोरीबद्दल विचारलंत. गुरांच्या दाव्याची नायलॉन दोरी नको, ती ताठ असते आणि गाठ घसरते. 8 ते 10 मिलिमीटर जाडीची पांढरी विणलेली सुती दोरी घ्या. आत गाभा असेल तर ओढून काढा, म्हणजे ती अंगाने लोळते. टोकांना पांढरा दोरा गुंडाळून वर फेविकॉल लावा. खेळाला साधारण चार हात पुरे, पण सरावात दोरी खर्ची पडते, म्हणून 20 मीटर तरी आणा. कात्री कापड कापायचीच हवी, नुकतीच धार लावलेली. कुरतडत बसली तर हसू नको त्या जागी येतं.

सराव आरशासमोर आठवडाभर, मग मोबाइलवर रेकॉर्ड करून बघा. हाताची चोरी करताना आपण नकळत डोळे मिटतो, ते आरशात कधीच दिसत नाही.

मंडळाच्या स्टेजवर पोरं बाजूने आणि मागून चढून बसतात. दोन कार्यकर्ते उभे करून दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा. माइक स्टँडवर हवा, हात दोन्ही अडकलेले असतात. शर्ट काळा किंवा गडद घाला, पांढरी दोरी शेवटच्या रांगेपर्यंत दिसते.

गणपतीच्या आधी निदान तीन घरांच्या सोप्यात पाच-सहा माणसांपुढे करून बघा, त्यातलं एक घर कन्नड बोलणारं असू द्या. आणि दोरी आजच आणून धुवायला टाका, दोन-तीन धुण्यांशिवाय ती मऊ पडत नाही.