जुन्या घराला हात लावण्यापूर्वी

गोव्यातल्या जुन्या घराची दुरुस्ती प्रथमच हाती घेत असाल, तर आराखडा काढण्याआधी गोव्याचे २०१० चे भूविकास व इमारत बांधकाम विनियम नीट वाचावेत; कारण कौले परतणे आणि भिंत पाडून नव्याने उभारणे यांना नियम एकाच मापाने मोजत नाहीत, आणि पणजीच्या फोंतेन्यशसारख्या संवर्धन क्षेत्रात तर दर्शनी भागाला परस्पर हात लावता येत नाही. २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता मार्गदर्शक आहे. परवान्यासाठी स्थानिक विनियमच पाहिले जातात.

खरी परीक्षा भिंतीची असते. चिऱ्याची, चुन्यात बांधलेली जाड भिंत पावसात ओल घेते आणि उन्हात ती बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच अडकते, क्षार फुटतात आणि काही पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. कंत्राटदार सिमेंटचाच आग्रह धरतील (त्यांना तेच सोयीचे), तरी चुन्यावर ठाम राहावे. वाशांची भिंतीत शिरलेली टोके मात्र पेचकसाने टोचून पाहावीत: वरून धडधाकट दिसणारे लाकूड तिथेच आतून वाळवीने पोखरलेले असते, आणि अंदाजपत्रक नेमके तिथेच चुकते.