पलटणीचा इतिहास वाचून झाला, आता काकांची कागदपत्रं वाचा

पत्र : आम्ही न्यू जर्सीत, रॅरिटनच्या जवळ राहतो. मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात आहे, वय सतरा. शेजारचे काका मरीन कोअरमधून, म्हणजे अमेरिकेच्या नौदलाशी जोडलेल्या, लष्करापासून वेगळ्या फौजेतून, बावीस वर्षांच्या नोकरीनंतर मास्टर सार्जंट म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी पायदळातली. त्यांनी आपली सेवेची कागदपत्रं आणि त्यांच्या बटालियनचा, म्हणजे सातव्या मरीन रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचा इतिहास याला वाचायला दिला. तेव्हापासून एकच धोशा, ‘मी ह्याच बटालियनमध्ये जाणार.’ कॉलेजचे अर्ज अर्धवट पडलेत. अठरा पूर्ण नसल्यामुळे आमच्या सह्या लागतात. त्याचे बाबा म्हणतात, मी मेलो तरी सही करणार नाही. घरात अबोला आहे. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होते, त्यामुळे मला फौजेचं वावडं नाही. पण हा माझा एकुलता एक आहे. सही करू का?

उत्तर : ताई, सहीचं शेवटी बोलू. आधी एक सांगते, तुमच्या मुलाच्या डोक्यात हे खूळ कुठूनतरी आभाळातून पडलेलं नाही. तुमच्या जवळच्या रॅरिटन गावात जॉन बॅसिलोन ह्या मरीनचा पुतळा आहे, दर सप्टेंबरला त्याच्या नावाने संचलन निघतं आणि टर्नपाइकवरून, म्हणजे टोलच्या महामार्गावरून, रॅरिटन नदी ओलांडताना तुम्ही त्याच्याच नावाच्या पुलावरून जाता. तो रॅरिटनमध्येच वाढला. २४ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटावर, मुसळधार पावसात, जपानी हल्ला थोपवणाऱ्या मशीनगनच्या दोन तुकड्या त्याच्या हाताखाली होत्या. त्याबद्दल त्याला मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. आणि त्याची बटालियन कोणती? काकांचीच. सतरा वर्षांच्या पोराला आणखी काय हवं?

पण इथे तुमची आणि त्याची, दोघांचीही एक गल्लत होते आहे. तुमच्या वडिलांमुळे होते आहे म्हटलं तरी चालेल. आपल्याकडचा जवान बेळगावच्या सेंटरमधून एकदा पलटणीत गेला की साधारण जन्माचा त्या पलटणीचा होतो. मधे एखादी बाहेरची पोस्टिंग झाली तरी परत तिथेच येतो. निवृत्तीनंतरही ‘आमची पलटण’ म्हणताना आवाज बदलतो, हे तुम्ही घरात ऐकलेलं असणार. अमेरिकन मरीनचं तसं नाही. तिथे बटालियन जागेवर राहते आणि माणसं बदलत जातात.

बॅसिलोनचंच बघा. ग्वाडलकॅनालनंतर त्याला युद्धरोखे खपवण्यासाठी देशभर फिरवलं. ‘तू अधिकारी हो’ असं त्याला सांगितलं, तो नको म्हणाला, पुन्हा आघाडीवर जायचं म्हणाला. १९ फेब्रुवारी १९४५ ला इवो जिमावर तो पडला तेव्हा तो २७ व्या मरीन रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये होता. म्हणजे ज्या बटालियनच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या ओळीत येतं, त्या बटालियनमध्ये तो मेला नाही. ग्वाडलकॅनालच्या त्या रात्री त्याचा कमांडर होता लुईस ‘चेस्टी’ पुलर, ज्याला पाच नेव्ही क्रॉस, म्हणजे मेडल ऑफ ऑनरच्या खालोखालची पदकं, मिळाले. १९१८ साली साधा शिपाई म्हणून भरती झालेला हा माणूस १९५५ मध्ये लेफ्टनंट जनरल होऊन निवृत्त झाला. हैती, निकाराग्वा, शांघाय, पॅसिफिक, कोरिया. त्या सदतीस वर्षांत ही बटालियन त्याच्याकडे दोन वर्षंसुद्धा नव्हती.

तेव्हा मुलाला आधी हे सांगा की कोणताही भरती अधिकारी करारात ‘सातवी रेजिमेंट, पहिली बटालियन’ असं लिहून देऊ शकत नाही. पायदळ मिळेल, एवढं लिहून मिळतं. बूट कॅम्पचे, म्हणजे सुरुवातीच्या प्रशिक्षणाचे, तेरा आठवडे, मग पायदळाची शाळा, आणि त्यानंतर जिथे जागा असेल तिथे. कॅलिफोर्नियातल्या ट्वेंटीनाइन पाम्सच्या वाळवंटात, जिथे ही बटालियन आहे, तिथेच तो जाईल याची खात्री कोणीच देणार नाही.

बटालियनचा इतिहास मीही आवडीने वाचते, खोटं कशाला बोलू. १ जानेवारी १९४१ ला क्युबातल्या ग्वान्टानामो बे इथे रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, तिथून ग्वाडलकॅनाल, केप ग्लॉस्टर, पेलेलिउ, ओकिनावा. डिसेंबर १९५० मध्ये कोरियातल्या चोसिन जलाशयाजवळ रेमंड डेव्हिस ही बटालियन घेऊन रात्री, बर्फातून, रस्ता सोडून डोंगरधारांवरून निघाला आणि टोकटाँग खिंडीत अडकलेल्या, त्याच रेजिमेंटच्या फॉक्स कंपनीपर्यंत पोहोचला. वाचताना अंगावर काटा येतो. पण पानं उलटताना मधल्या वर्षांकडेही बघा. १९४७ मध्ये ही बटालियन चक्क मोडीत काढली होती, १९५० मध्ये कोरियासाठी पुन्हा उभी केली. इतिहास एका लढाईवरून दुसऱ्या लढाईवर उडी मारतो. माणसाला मात्र मधली वर्षं काढावी लागतात. रायफली साफ करणं, पहारे, कवायत, पुन्हा पहारे. शिवाय त्या ग्वाडलकॅनालच्या रात्री पुलरच्या विरळ झालेल्या रांगेत अंधारातच लष्कराच्या १६४ व्या इन्फंट्रीचे जवान आणून मिसळले होते. मरीनच्या गोष्टी सांगताना त्यांचं नाव हळूच गाळलं जातं. काकांना विचारा, हसतील.

म्हणून माझं म्हणणं असं, की इतिहास वाचून झाला असेल तर आता काकांची स्वतःची कागदपत्रं मुलाने त्यांच्या शेजारी बसून वाचावीत. निवृत्तीच्या वेळी मिळालेला डीडी-२१४ हा फॉर्म त्यात असेलच. आपल्याकडे सरकारी नोकराचं सेवापुस्तक असतं ना, त्याचा एका पानात काढलेला अर्क समजा. त्यात अकराव्या रकान्यात कामाचा संकेतांक असतो. ०३११ म्हणजे रायफलमन. आणखी कोणते संकेतांक आहेत बघा, म्हणजे कोणत्या वर्षांत ते प्रत्यक्ष तुकडीत होते आणि कधी ड्रिल इन्स्ट्रक्टर किंवा भरती अधिकारी होते ते कळेल. वर चढायचं तर अशी बाहेरची कामं करावीच लागतात. मग पदकांचा रकाना. गुड कंडक्ट मेडल दर तीन वर्षांनी मिळतं, बावीस वर्षांत सात व्हायला हवीत. कमी असतील तर का, ते विचारायचं धाडस मुलाने करावं. सी सर्व्हिस डिप्लॉयमेंट रिबन पहिल्या वेळची, आणि तिच्यावर जितके तारे, तितक्या आणखी वेळा महिनोन्महिने घराबाहेर. त्यातली एखादी वेळ त्यांच्या मुलाबाळांच्या जन्माशी जुळते का, हे मात्र काकूंना विचारा, काकांना नको.

आणि ‘मास्टर सार्जंट’ ह्या शब्दावर जरा थांबा. त्या पायरीला मरीनमध्ये वाट फुटते. एक वाट फर्स्ट सार्जंट आणि पुढे सार्जंट मेजरची, म्हणजे जवानांचं सगळं बरंवाईट बघण्याची. दुसरी मास्टर सार्जंटची, कामातल्या जाणकाराची. काकांनी ती का धरली, तीस वर्षं न राहता नोकरी बावीसला का सोडली, गुडघे कसे आहेत, बाहेर आल्यावर पहिली नोकरी काय मिळाली, हेही विचारा. पायदळाच्या कौशल्याला बाहेर थेट गिऱ्हाईक नसतं. मेकॅनिकला असतं, रेडिओवाल्याला असतं.

व्यवहाराचंही बोलते. करार एकूण आठ वर्षांचा असतो. बहुधा चार प्रत्यक्ष नोकरीची आणि उरलेली राखीव यादीत. निवृत्तिवेतन वीस वर्षं भरल्यावरच, आणि आज भरती होणाऱ्याला ते मूळ पगाराच्या सर्वाधिक तीन वर्षांच्या सरासरीच्या ४० टक्के, सोबत सरकारच्या वाट्यासह बचत खातं. चार वर्षांनी सोडलं तर निवृत्तिवेतन नाही, पण ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा खर्च निघतो. सरकारी विद्यापीठाची राज्यातली पूर्ण फी त्यात बसते. ही छोटी गोष्ट नाही, बाबांनाही सांगा.

दुसरा रस्ता अधिकाऱ्याचा. मुलगा अमेरिकन नागरिक असेल तर कॉलेज करता करता प्लाटून लीडर्स क्लास ह्या अधिकारी प्रशिक्षणाला उन्हाळ्यात व्हर्जिनियातल्या क्वांटिकोला जाता येतं, किंवा नेव्हल आरओटीसी ह्या कॉलेजातल्या नौदल अधिकारी प्रशिक्षणातून मरीनचा पर्याय घेता येतो. तुमच्या राज्यातल्या रटगर्स विद्यापीठात ते युनिट आहे. पण गंमत बघा, अधिकारी झाल्यावर पायदळच मिळेल असं नाही. क्वांटिकोच्या सहा महिन्यांच्या बेसिक स्कूलमध्ये गुणवत्ता आणि पसंती बघून शाखा मिळते. शिपायाला पायदळ लिहून मिळतं, लेफ्टनंटला नाही. हे ऐकून तुमचा मुलगा शिपाईच व्हायचं म्हणेल अशी मला दाट शंका आहे.

पुलरचा मुलगाही पायदळातच लेफ्टनंट झाला. १९६८ मध्ये व्हिएतनामला सापळा म्हणून लावलेला तोफगोळा पायाशी फुटला, दोन्ही पाय गेले. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुम्ही घाबरलेल्याच आहात, आणि ती भीती खरी आहे, तिच्यावर पांघरूण घालून मी सल्ला देऊ शकत नाही.

आता सही. आज करू नका. कॉलेजचे अर्ज पूर्ण झाल्याशिवाय सहीची चर्चाच नाही, हे मुलाला स्पष्ट सांगा. पण ‘कधीच नाही’ हेही बाबांना म्हणू देऊ नका. काही महिन्यांत तो अठराचा होईल आणि मग तुमच्या सहीची गरजच उरणार नाही. त्याआधी जे बोलणं होईल तेच कामाचं. अर्ज गेले, कागदपत्रं वाचून झाली, काकांना प्रश्न विचारून झाले आणि तरीही तो ठाम असेल, तर मी तुमच्या जागी सही केली असती. भरतीपूर्व यादीत नाव घातलं तरी बूट कॅम्पला निघेपर्यंत माघार घेता येते, भरती अधिकारी तोंडाने काहीही म्हणो.

बाबांना मुलाबरोबर काकांकडे पाठवा. दोघांनी एकमेकांशी बोलायची गरज नाही, काकांशी बोलू दे. आणि तुमच्या वडिलांचं डिस्चार्ज बुक साताऱ्याच्या किंवा कुठच्या घरी पडलं असेल तर भावाला सांगून त्याचे फोटो मागवा. ते काकांच्या डीडी-२१४ शेजारी ठेवून बघा. काकांच्या बावीस वर्षांत किती बटालियन आल्या ते मोजा. तुमच्या वडिलांच्या पुस्तकात बहुधा एकच नाव सापडेल.