सीजीए, ईजीए, व्हीजीए: जुने गेम आकाशी-गुलाबीच का दिसायचे?

तुम्ही विचारलंय की जुन्या पीसीत पडद्यावर चित्र उमटवणारी जी कार्डं असायची, त्यांच्या सीजीए, ईजीए, व्हीजीए या नावांत फरक काय, आणि तेव्हाचे गेम सगळे आकाशी-गुलाबीच का.

आकाशी-गुलाबीचं आधी सांगतो. १९८१ला आयबीएमचा पीसी आला तेव्हा सीजीए कार्डावर मेमरी होती १६ केबी. ३२० बाय २०० म्हणजे ६४ हजार ठिपके. ठिपक्याला दोन बिट दिले की १६ हजार बाइट, म्हणजे मेमरी जवळपास संपलीच. दोन बिटांत चारच रंग मावतात. एक पार्श्वभूमीचा, बाकीचे तीन ठरलेल्या संचातून: आकाशी, गुलाबी, पांढरा; नाहीतर हिरवा, लाल, तपकिरी. घ्या यातलं काय घ्यायचं ते.

आमच्या नशिबी तेवढेही रंग नव्हते. ९२ साली परभणीत ज्या क्लासला मी डीबेस (माहिती साठवायचा प्रोग्राम) शिकलो, तिथं सगळे एकरंगी मॉनिटर, आत हर्क्युलिस नावाच्या एकरंगी कार्डाच्या नकला. सर जेवायला गेले की आम्ही सिमसीजीए नावाचा छोटा प्रोग्राम चालवायचो. तो हर्क्युलिसला सीजीएचं सोंग घ्यायला लावायचा. मग गेम सुरू व्हायचा, रंगांच्या जागी ठिपक्यांची जाळी. तेवढ्यात लाइट गेली की खेळ खल्लास.

हर्क्युलिसची गोष्ट मला सगळ्यात आवडते. आयबीएमचं दुसरं कार्ड एमडीए, फक्त एकरंगी अक्षरं दाखवणारं. त्यावर ८० रकाने, २५ ओळी, अक्षरं एकदम ठसठशीत. पण त्यांचे आकार कार्डावरच्या रॉममध्ये, म्हणजे न बदलणाऱ्या मेमरीत, पक्के कोरलेले. साधी तिरकी रेघ काढायची सोय नाही. व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. थाईतही खुणा अक्षराच्या वर-खाली बसतात, म्हणजे घोडं आपल्यासारखंच अडलेलं: ९ बाय १४ ठिपक्यांच्या खणात ‘र्ष्ट्री’ कोंबून दाखवा! त्यांनी १९८२ला स्वतःच कार्ड बनवलं, तेच हर्क्युलिस. मॉनिटर तोच, पण ७२० बाय ३४८मधला प्रत्येक ठिपका वेगळा पेटवता येणारा. मराठीसाठी पुढं सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड आलं, ते पीसीत वेगळं बसवावं लागायचं.

ईजीए १९८४चं. ६४० बाय ३५०, ६४ रंगांतले एका वेळी १६. हे ६४ आले कुठून? केबलमध्ये लाल, हिरव्या, निळ्याला दोन-दोन तारा, म्हणजे सहा. प्रत्येक तार एकतर चालू, नाहीतर बंद. सीजीएला अशा चारच तारा, म्हणून त्याचे सगळे मिळून १६.

१९८७च्या व्हीजीएनं ही भानगडच मोडली. प्रत्येक रंगाला एकच तार, पण तिच्यात व्होल्टेज कमी-जास्त होणार. त्यामुळं २,६२,१४४ छटा, त्यातल्या २५६ एका वेळी पडद्यावर. तेही ३२० बाय २००वरच. ६४० बाय ४८०ला १६च. गेमवाल्यांना ते ३२० बाय २०० फार मानवलं, कारण ठिपक्याला एक बाइट धरला तर ६४ हजार बाइट होतात आणि ते प्रोसेसरच्या ६४ केबीच्या एका सेगमेंटमध्ये, म्हणजे मेमरीच्या एका तुकड्यात, बसतात. हिशोब सोपा, वेग चांगला. त्यापुढच्या एसव्हीजीएत प्रत्येक कंपनीनं आपलीच पद्धत चालवली, तो वेगळाच ताप.

प्रोजेक्टरला लावतात ती १५ पिनांची, बहुतेक वेळा निळी केबल, ती ही व्हीजीएचीच. आमच्या गावच्या शाळेत मध्यंतरी सगळं चित्र पिवळं दिसायला लागलं, तेव्हा गुरुजी म्हणाले प्रोजेक्टर गेला. उघडून बघितलं तर निळ्या रंगाची पिन वाकलेली. चिमट्यानं सरळ केली.