पोलंडचे बोग्दान बोरुसेविच खरंच राष्ट्राध्यक्ष होते का?

होते, पण जेमतेम काही तास! संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती या नात्याने हंगामी राष्ट्राध्यक्ष असलेल्या कोमोरोव्स्की यांनी 8 जुलै 2010 ला सभापतिपद सोडलं. कनिष्ठ सभागृहाला नवा सभापती मिळेपर्यंत कारभार सिनेटचे सभापती म्हणून बोरुसेविच यांच्याकडे आला.

माझ्या मते त्यांचं खरं काम त्याआधीचं. 1968 मध्ये पत्रकं वाटल्याबद्दल शाळकरी वयातच तुरुंग. पुढे ऑगस्ट 1980 मध्ये ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यातला संप त्यांनीच आखला. निवृत्तीच्या तोंडावर कामावरून काढलेल्या क्रेनचालक आना वालेंतिनोविच यांना परत घ्या, ही पहिली मागणी. नाव मात्र संपाचे नेते लेख वावेन्सा यांचं झालं. लष्करी कायदा लागू झाल्यापासून 1986 पर्यंत बोरुसेविच भूमिगत होते. सिनेटचं सभापतिपद 2005 ते 2015, सलग.