मॅडम संस्था सोडताहेत, मग एलएलएमचं काय?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात बीए एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत स्थलांतरितांचे खटले मोफत लढवणाऱ्या एका छोट्या संस्थेसाठी तिने ऑनलाइन इंटर्नशिप केली. तिथल्या डायरेक्टर मॅडम तिला म्हणाल्या होत्या, 'एलएलएम करून ये, मग बघू.' कायद्यातल्या या मास्टर्ससाठी तिला न्यूयॉर्कमध्ये प्रवेश मिळाला, ४५ लाखांचं कर्जही मंजूर झालं. आणि आता त्या मॅडमच संस्था सोडताहेत. मुलगी धड जेवतही नाही. संस्था बुडतेय का? कर्ज उचलावं का?
– एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. तुमचे प्रश्न दोन आहेत, आणि पहिल्याची धास्ती तुम्ही उगाच जास्त घेतली आहे.

प्रमुख व्यक्ती गेली म्हणजे संस्था बुडाली, असं या क्षेत्रात सहसा होत नाही. १९७९ साली सुरू झालेलं लॉस एंजेलिसचं नॅशनल इमिग्रेशन लॉ सेंटर घ्या. कोलंबियात जन्मलेल्या मारिएलेना इंकापिए २००० मध्ये तिथे साध्या वकील म्हणून लागल्या, २००८ मध्ये प्रमुख झाल्या आणि २०२२ मध्ये पायउतार झाल्या. त्यांच्या काळातली मोठी लढाई 'डाका'ची, म्हणजे लहानपणी अमेरिकेत आलेल्या, पण कागदपत्रं नसलेल्या तरुणांना मिळणाऱ्या संरक्षणाची. ते संरक्षण रद्द करण्याचा ट्रम्प सरकारचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ जून २०२० ला ५ विरुद्ध ४ मतांनी हाणून पाडला. त्यातला न्यूयॉर्कचा दावा या सेंटरसोबत मेक द रोड न्यूयॉर्क ही संस्था आणि येल विद्यापीठाचं लॉ क्लिनिक यांनी मिळून चालवला होता. अशा क्लिनिकमध्ये प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खऱ्या केसेसवर काम करतात विद्यार्थीच. इंकापिए गेल्यावर किका मातोस आल्या आणि संस्था चालू राहिली.

आता हे झालं मोठ्या संस्थेचं. पाच-सात माणसांच्या संस्थेत त्याच मॅडम वकील, त्याच निधी आणणार आणि इंटर्नचे मसुदेही त्याच तपासणार. तिथे थोडी चौकशी हवी. निरोपाच्या ईमेलमध्ये हंगामी प्रमुखाचं नाव आहे का? चालू केसेस कोणाच्या सहीने चालणार? पैशाचं चित्र तर घरबसल्या कळेल. अशा अमेरिकन संस्था दरवर्षी कर खात्याला 'फॉर्म ९९०' देतात, तो कोणालाही पाहता येतो. मागच्या तीन वर्षांचे काढा आणि सरकारी अनुदानाची ओळ बघा. मार्च २०२५ मध्ये पालकांविना अमेरिकेत आलेल्या मुलांच्या वकिलांसाठीचा तिथल्या केंद्र सरकारचा निधी बंद केला गेला, तेव्हा अनेक संस्थांना माणसं कमी करावी लागली. तुमच्या मुलीची संस्था अशाच एका अनुदानावर उभी असेल, तर काळजीचं कारण ते आहे. मॅडमचं जाणं नव्हे.

खरा प्रश्न दुसरा, आणि त्यात मी स्पष्टच बोलतो. 'मग बघू' ही ऑफर नव्हे. मॅडम राहिल्या असत्या तरी नव्हती.

एलएलएम एक वर्षाचं. त्यानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या परवानगीवर, काम करायला साधारण १२ महिने मिळतात आणि त्यातच न्यूयॉर्कच्या बारची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, परीक्षा उरकायची. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत, जागा ६५ हजार अधिक अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार. ना-नफा संस्थेला सोडत लागत नाही असं मुलं छातीठोकपणे सांगतात. ती सूट विद्यापीठाशी संलग्न किंवा संशोधन करणाऱ्या संस्थांना आहे, कायदेशीर मदत देणाऱ्या प्रत्येकीला नाही. भारतात परत येऊन अर्ज करू म्हणाल, तर सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क बसवलं गेलं. कुठली छोटी संस्था भरणार?

शिवाय पगार बेताचा. शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन वकिलाला तो परवडतो, कारण सार्वजनिक सेवेत १२० हप्ते फेडले की त्याचं तिथल्या केंद्र सरकारकडून घेतलेलं उरलेलं शैक्षणिक कर्ज माफ होतं. सांगलीच्या बँकेचं कर्ज असं माफ होत नाही.

म्हणून माझं मत : यंदा कर्ज उचलू नका. विद्यापीठाकडे प्रवेश वर्षभर पुढे ढकलून मागा. मुलीचा कल मात्र मोडू नका, कारण तिच्याकडे या कामाचं भांडवल आहे. आश्रयाच्या अर्जात अशील सांगतो 'बैसाखीनंतर मारहाण झाली', आणि फॉर्मवर तारीख लागते. सीमेवरच्या मुलाखतीत एक महिना, शपथपत्रात दुसरा, असं झालं की न्यायाधीशाचा विश्वास उडतो. पंजाब-गुजरातकडच्या माणसाला हिंदीत नीट विचारून ती तारीख पक्की करणारी मुलगी तिथे हवीच असते. इंटर्नशिपमध्ये तिने असं काही केलं असेल, तर बायोडेटात 'रिसर्च' हा मोघम शब्द काढून नेमकं तेच लिहायला सांगा.

मधल्या वर्षात दिल्ली-मुंबईत निर्वासितांच्या किंवा स्थलांतरित मजुरांच्या केसेस लढणाऱ्या वकिलाकडे तिने काम करावं. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, वेगळा निर्वासित कायदाही नाही. त्यामुळे इथला वकील राज्यघटनेच्या कलम २१ वर, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कावर, लढतो, ते शिकण्यासारखं आहे. पुढच्या वर्षी हेच विद्यापीठ की दुसरं, हे ठरवताना रँकिंग नंतर बघा. इमिग्रेशन क्लिनिकमध्ये एलएलएमच्या विद्यार्थ्यांना जागा देतात का, हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी त्या अगदी मोजक्या असतात.

आणि हे याच आठवड्यात करायचं : मुलीने मॅडमना लिहावं. रुसवा नको, नोकरीची आठवणही नको. शिफारसपत्र संस्थेच्या लेटरहेडवर त्या जाण्याआधी मागावं, पुढचा वैयक्तिक ईमेल विचारावा आणि नव्या प्रमुखांशी ओळख करून द्याल का, एवढंच. तोवर तुम्ही बँकेत जाऊन मंजुरीपत्राची मुदत कधी संपते आणि प्रोसेसिंग फीमधलं काही परत मिळतं का, ते विचारून या.