‘तख्तापलट’ की ‘उठाव’? त्यापेक्षा गारदी आठवा

एका मैत्रिणीने विचारलंय की दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सक-योल यांनी मार्शल लॉ पुकारून संसदेत सैनिक पाठवले, त्याला मराठीत तख्तापलट म्हणायचं का उठाव, आणि लोकशाहीत तख्तच नसेल तर पलटणार काय?

आधी उठावाचं बघू, कारण तो मी त्या आठवड्यात बातम्यांमध्ये इतक्यांदा ऐकला की टीव्ही बंद केला. उठाव खालचा माणूस वरच्यावर करतो. १८५७ चा उठाव, आदिवासींचा उठाव, शेतकऱ्यांचा उठाव. जो आधीच सगळ्यात वरच्या खुर्चीत बसलाय तो कुणाविरुद्ध उठणार? बंडाचंही तेच, बंडाला वर कुणीतरी लागतो. सत्तापालट हा शब्द आपण नगरपालिकेच्या निकालाला वापरून टाकलाय, तिथे लोकांनी रीतसर मतं दिलेली असतात, त्यामुळे तो इथे चालणारच नाही. तख्तापलट हिंदी आहे, मराठीत पालट होतो, खांदेपालट म्हणतो तसा. आणि त्यातला शब्द तख्त नाही, तख्ता आहे, म्हणजे फळी. शाळेतला तक्ता तोच, जुन्या वाड्यातली तक्तपोशी त्याच घरातली. तेव्हा सिंहासन नाही म्हणून शब्द अडतो असं नाही, पण ‘पलट’ला बाहेरून येऊन उलटवणारा कुणीतरी लागतो, आणि कोरियात बाहेरचं कुणी नव्हतंच.

खरी गंमत फ्रेंच ‘कू देता’त आहे. कू म्हणजे फटका, देता म्हणजे राज्यसत्तेचा. ग्रीक ‘कोलाफोस’, म्हणजे ठोसा किंवा थप्पड, तो लॅटिनमधून घासत घासत फ्रेंचमध्ये ‘कू’ झाला आणि स्पॅनिशमध्ये ‘गोल्पे’. पण फटका कुणाचा? सगळे समजतात राज्यसत्तेला बसलेला. १७ व्या शतकात गाब्रिएल नोदे या फ्रेंच लेखकाने हा शब्द वापरला तो उलट अर्थाने, राज्यकर्त्याने कायदा बाजूला ठेवून स्वतःच मारलेला अचानक फटका. म्हणजे २ डिसेंबर १८५१ ला निवडून आलेल्या लुई नेपोलियनने फ्रान्सची संसद बरखास्त केली, ५ एप्रिल १९९२ ला पेरूत निवडून आलेल्या फुजिमोरीने तेच केलं आणि त्याला ‘आउटोगोल्पे’, स्वतःच मारलेला फटका, असं नाव पडलं, तो शब्दाचा मूळ अर्थच परत आला, नवीन काही नाही.

आता मला ज्याच्यासाठी लिहायचंय तो शब्द. कोरियन लोक या प्रकाराला ‘छिन-वी कुदेता’ म्हणतात. कुदेता तोच फ्रेंच, आणि छिन-वी म्हणजे राजाच्या अंगाजवळचा पहारा. पहारेकऱ्यांचा फटका! हे वाचलं आणि मी उठून उभा राहिलो, कारण मराठीत हा माणूस अडीचशे वर्षं आहे. गारदी.

गारद म्हणजे पहारा, फ्रेंच ‘गार्द’. हा शब्द मूळचा जर्मानिक, त्याच्या तोंडी ‘व’ होता, तो फ्रेंचमध्ये ‘ग’ झाला आणि उत्तरेकडच्या बोलींत ‘व’च राहिला. म्हणून इंग्रजीत दोन्ही आले, गार्ड आणि वॉर्ड. वॉरंटी आणि गॅरंटी ही जोडी तशीच, दुकानदार दोन्हीत फरक सांगतो पण शब्द एकच. म्हणजे बघा, नगरसेवकाचा वॉर्ड, होस्टेलची वॉर्डन, नि शनिवारवाड्यातला गारदी, सगळी सख्खी भावंडं! आणि वर मराठीत दुसरा एक ‘गारद’ आहे, ‘शत्रूला गारद केला’मधला. तो अरबी ‘गारत’ म्हणजे लूट, विध्वंस यावरून आला, पहिल्याशी नातं शून्य. राखणं आणि उद्ध्वस्त करणं, दोन्ही एकाच उच्चारात येऊन बसलंय.

गारदी हा ‘गर्दी’वरून आला असं छातीठोक सांगणारे भेटतात, भाऊगर्दीचा दाखला देतात. चूक आहे. ती गर्दी फारसी, अर्थ उलथापालथ, धामधूम. जुन्या लिखाणात ‘गाडदी’ असं रूप येतं, ते फारसी गर्दीतून कसं निघतं ते एकदा दाखवा. आणि इंग्रजी गार्डवरून म्हणणाऱ्यांनी सन बघावेत. दख्खनेत १७५१ पासून कवायती फौज उभी करत होता तो फ्रेंच बुसी, पानिपतावर लढलेला इब्राहिमखान गारदी त्याच्याच तालमीतला. इंग्रजांना हे श्रेय मी देणार नाही.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात काय झालं, ध चा मा वगैरे, सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो. माझा मुद्दा एवढाच की नारायणरावांवर चालून आलेले गारदी शत्रूचे नव्हते. पेशव्यांच्याच पगारावरचे होते, थकलेला पगार मागत आत शिरले आणि त्यांच्यामागे घरचाच माणूस होता, राघोबा. स्पेनमध्ये २३ फेब्रुवारी १९८१ ला तेखेरो नावाचा अधिकारी संसदेत घुसला आणि त्याच्या माणसांनी छतात गोळ्या झाडल्या, ती भोकं अजून तशीच ठेवलीत. कोणत्या दलाचा होता तो? ग्वार्दिया सिव्हिल. अक्षरशः गारदी!

सोलमध्ये त्या रात्री कर्मचाऱ्यांनी दाराला टेबलं-खुर्च्या लावल्या, सैनिकांवर आग विझवायच्या नळकांड्या फवारल्या, दार अडवलेलं म्हणून सभापती वू वन-शिक वयाच्या ६७ व्या वर्षी कुंपणावरून चढून आत गेले, आणि एकच्या सुमाराला हजर असलेल्या १९० च्या १९० सदस्यांनी मार्शल लॉ उठवायला मत दिलं. खिडक्या फोडून आत आलेले सैनिक बाहेर पडले, पहाटे साडेचारच्या सुमाराला युन यांनी माघार जाहीर केली.

हां, तुमचा प्रश्न. मारेकरी घालणे हा आपला जुना प्रयोग आहे ना, त्याच धर्तीवर लिहा: राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्याच संसदेवर गारदी घातले.